नाण्यावरचा पिरॅमिड किती उंच असतो?

१ नोव्हेंबर २०२५ला गिझाच्या पिरॅमिडांजवळ ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं उद्घाटन झालं आणि प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन पुन्हा बातम्यांत आला. अशा बातमीच्या शेजारी हमखास एक जाहिरात असते: तुतनखामुनचा मुखवटा असलेलं ‘२४ कॅरेट’ स्मारक नाणं, किंमत दोन थाळ्यांएवढी. यातलं ‘२४ कॅरेट’ खोटं नसतं, फक्त ते वरच्या मुलाम्यापुरतं असतं. ४० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या चकतीचं पृष्ठफळ कडेसकट सुमारे २९ चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर ०.१ मायक्रॉन जाडीचा मुलामा चढवला तर सोनं लागतं साडेपाच मिलिग्रॅम. बाकी सगळं पितळ.

पण खरी नाणीही निघतातच. तुतनखामुनची कबर सापडल्याला १०० वर्षं झाली म्हणून ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२२मध्ये ५ पौंडांचं नाणं काढलं. त्या मूल्याच्या नाण्याचा ठरलेला व्यास ३८.६१ मिलिमीटर. एवढ्याशा चकतीवर अवाढव्य वास्तू बसवायची तर कारागिराला नेमकं काय करावं लागतं?

गिझाचा सर्वांत मोठा, खुफू राजाचा पिरॅमिड घ्या. मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर, पाया २३० मीटर, बाजूंचा चढ जवळजवळ ५२ अंश. पाया नाण्यावर ३० मिलिमीटरचा काढला तर प्रमाण पडतं साधारण १:७७००. या प्रमाणात खरा पिरॅमिड केला तर तो नाण्यावर १९ मिलिमीटर उंच, लाडवासारखा उभा राहील. प्रत्यक्षात उठावाला, म्हणजे चित्र सपाटीच्या वर उचलायला, जागा असते ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीचे तीन कागद. पिरॅमिड कोपऱ्याकडून दाखवला तर मधल्या धारेपासून दोन बाजू दोन्हीकडे उतरतात. प्रत्येक बाजू १५ मिलिमीटर रुंद आणि चढ ०.३ मिलिमीटर, म्हणजे उतार जेमतेम १.१ अंश. बावन्न अंशांचा डोंगर एका अंशात सांगायचा!

हे जमतं ते प्रकाशामुळे. चकचकीत पृष्ठभाग जेवढा कलतो त्याच्या दुप्पट कोनाने परावर्तित किरण वळतो. दोन बाजूंच्या उतारांत २.३ अंशांचा फरक असेल तर त्यांच्यावरून परतणाऱ्या किरणांत साडेचार अंशांचा फरक पडतो. नाणं हातात किंचित कललं की एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते आणि डोळा फसतो. म्हणून असं नाणं फोटोत सपाट दिसलं तर लगेच नाक मुरडू नये. फोटोत दिव्याची जागा एकच असते.

आता टांकसाळीत जाऊ. नाणं ओतत नाहीत, ठोकतात. कोरी चकती कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते. खालून एक ठसा, वरून एक ठसा, दोन्हींवर चित्र उलटं, खोल कोरलेलं. मोठ्या चांदीच्या नाण्यावर दीडशे टनांच्या घरातला दाब पडतो. दाबाने धातू आकसत नाही, तो सरकतो. मुखवट्याचा उठाव भरायला लागणारी चांदी आजूबाजूच्या सपाट भागातून आणि मागच्या बाजूखालून ओढली जाते. मोदकाच्या साच्यात उकड कमी पडली की टोक बोथट येतं, तसंच इथे. फरक एवढाच की इथे वरून आणखी उकड भरता येत नाही. आहे त्या चकतीतच भागवायचं.

यातून पहिली अडचण उभी राहते. पुढे चेहरा जिथे सर्वांत उंच, बरोबर त्याच्या मागे दुसरा उंच आकार असेल तर दोघेही एकाच ठिकाणची चांदी मागतात आणि एक उपाशी राहतो. पंचम जॉर्जच्या ब्रिटिश पेनीवर हेच झालं. राजाच्या डोक्याने इतका धातू ओढला की मागच्या, ब्रिटनचं प्रतीक असलेल्या ब्रिटानिया देवीच्या बाजूला डोक्याची भुतासारखी छाया उमटू लागली आणि शेवटी १९२०च्या दशकात राजाचं चित्रच बदलावं लागलं. म्हणून मुखवट्याच्या पाठीमागे शहाणा रचनाकार पिरॅमिड ठेवत नाही. तिथे सपाट मजकूर किंवा चित्रलिपीची ओळ ठेवतो.

दुसरी अडचण धातूच्या स्वभावाची. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर ठोके घालणाऱ्याला ही पुस्तक न वाचता ठाऊक असते: ठोकलेला धातू कडक होतो. तापवून नरम केलेल्या शुद्ध चांदीची कठीणता विकर्स या कठीणतेच्या मापाने तीसच्या आत-बाहेर असते, ठोकल्यावर ती ऐंशीच्या पुढे जाऊ शकते. स्फटिकातल्या अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात ते त्यांच्या रचनेतल्या रेषेसारख्या दोषांमुळे. ठोक्यागणिक असे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि घसरण थांबते. त्यामुळे उठाव एका ठोक्यात भरला नाही तर लगेच दुसरा ठोका घालून फारसं काही हाती लागत नाही. नाणं भट्टीत सहाशे-साडेसहाशे अंश सेल्सिअसला तापवायचं, म्हणजे नवे, दोष नसलेले स्फटिक तयार होतात. मग धुवायचं, पुन्हा ठशाखाली ठेवायचं, आणि तेही केसाचा फरक न होता. जरा फिरलं की राजाला चार डोळे. अमेरिकेच्या १९०७च्या जास्त उठावाच्या २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला असे तीन ठोके लागत. रोजच्या व्यवहारासाठी ते परवडेना, म्हणून त्याच वर्षी उठाव कमी केला. इजिप्तने २००५मध्ये मुखवट्याचं १ पौंडाचं दोन धातूंचं नाणं काढलं ते चलनासाठी, म्हणून त्याचा उठावही बेताचा. चलनाची यंत्रं मिनिटाला शेकडो नाणी पाडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच ठोका येतो.

धुण्यात कुचराई झाली की साबणाचा किंवा रसायनाचा अंश भट्टीत चांदीवर भाजला जातो. काही महिन्यांनी दुधाळ पांढरे डाग उठतात, ते निघत नाहीत. ९२५ चांदीत, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या मिश्रधातूत, तांबं असतं. ती उघड्या हवेत तापवली तर तांब्याचा ऑक्साइड जांभळट डागासारखा आत मुरतो, म्हणून ऑक्सिजन नसलेली भट्टी लागते.

ठशाचा सर्वांत खोल खड्डा सर्वांत शेवटी भरतो. चेहऱ्यात तो खड्डा म्हणजे नाक. नाणं वापरात आलं की झिजतंही आधी तेच. १९५४पासूनच्या काही वर्षांत इजिप्तच्या मिलिएम (पौंडाचा हजारावा भाग) नाण्यांवर स्फिंक्सचं डोकं होतं, लहान आणि मोठं अशा दोन प्रकारांत. तिथे झिजायला नाकच नव्हतं! (ते नेपोलियनच्या तोफेने उडवलं ही दंतकथा. नॉर्डेन नावाच्या डॅनिश प्रवाशाने १७३७मध्ये काढलेल्या चित्रात नाक नाहीच, आणि नेपोलियन जन्मला १७६९मध्ये.)

गंमत म्हणजे या दुखण्यावरचा एक इलाज इजिप्तच्याच भिंतींवर होता. कर्नाकच्या प्राचीन मंदिरांच्या बाहेरच्या भिंती बघा. आकृत्या भिंतीबाहेर आलेल्या नाहीत, त्या आत खोदलेल्या आहेत. बाह्यरेषा खोल, आतलं शरीर हलकं गोलाईचं आणि त्याचा सर्वांत उंच बिंदू भिंतीच्या पातळीला. प्रखर उन्हात त्या खोल रेषेत काळी सावली पडते आणि आकृती उठून दिसते. बॉस्टनचे डॉक्टर आणि कलासंग्राहक विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी ही कल्पना अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे मांडली, आणि शिल्पकार बेला प्रॅट यांनी १९०८ची अडीच व पाच डॉलरची सोन्याची नाणी तशी घडवली. चित्र अमेरिकी आदिवासीचं आणि गरुडाचं, पण कोरण्याची रीत फारोंची. धातूला वर चढावं लागत नाही, आणि चेहरा खाली असल्याने नाक सुरक्षित. फिलाडेल्फियाचे नाणेविक्रेते चॅपमन यांनी तक्रार केली की त्या खाचांत मळ आणि रोगजंतू साठतील. रोगजंतूंचं काही झालं नाही. खरा तोटा वेगळाच निघाला: सपाट भागच सर्वांत वर असल्याने सगळे ओरखडे त्याने घेतले आणि आजही या नाण्यांची प्रत ठरवताना जाणकार अडखळतात. माझ्या मते मुखवटा छापलेल्या डझनभर नाण्यांपेक्षा हे अडीच डॉलरचं, १८ मिलिमीटरचं नाणं जास्त इजिप्ती आहे.

बारीक आकार बिघडला की काय होतं ते आपल्याकडेही घडलंय. मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळींतून निघालेल्या १९११च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावर इवलासा हत्ती होता. सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला, नाणी मागे घ्यावी लागली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. चित्रलिपीतला ससाणा किंवा सर्प एक मिलिमीटरमध्ये कोरणाऱ्यांनी हा रुपया डोळ्यांसमोर ठेवावा.

‘पिरॅमिड ऊर्जा’ म्हणून हीच नाणी तिजोरीत ठेवायला विकणारेही आहेत. त्या ऊर्जेला मोजण्याचं एकक नाही, फक्त किंमत आहे.

घरी तपासायचं असेल तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा पुरतो. आधी कोरडं नाणं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदीला आकडा २.९६च्या जवळ यायला हवा. तेवढ्याच वजनाच्या पितळाला ३.६६च्या आसपास येईल, शिशाला २.७४. सोन्यासाठी मात्र ही परीक्षा पुरेशी नाही, कारण टंगस्टन या स्वस्त धातूची घनता सोन्याच्या अगदी जवळ आहे. खोल कोरीव कामात हवेचे बुडबुडे अडकले तर आकडा फुगतो आणि खरं नाणंही खोटं ठरतं. म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने फक्त टिपून घ्या. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लांबच ठेवा. ‘अँटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्याच्या खाचांतला काळेपणा हा मळ नसतो. टांकसाळीने गंधकाच्या रसायनाने मुद्दाम चढवलेला तो सिल्व्हर सल्फाइडचा थर असतो, आणि त्याच्याच जोरावर ती ०.३ मिलिमीटरची सावली दिसत असते.