आधी आकार, मग पकड : क्राउन ईथर ते फोल्डामर

एन्झाइम ठरावीक रेणूलाच का धरते, हे सांगण्यासाठी एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीचा दाखला दिला. असे कुलूप प्रयोगशाळेत बनायला आणखी सुमारे सात दशके लागली, आणि बनले तेही अनवधानाने.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत चार्ल्स पेडरसन व्हॅनेडियमला धरणारे एक फिनॉल बनवत होते. कॅटेकॉल म्हणजे शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेले बेन्झीन वलय. त्यातला एक गट झाकून ते अभिक्रियेत घातले, पण त्यात थोडे न झाकलेले कॅटेकॉल उरले होते. त्यातून रेशमी तंतूंसारखे पांढरे स्फटिक हाती लागले : उत्पादन जेमतेम ०.४ टक्के. मिथेनॉलमध्ये ते फारसे विरघळेनात. सोडियम हायड्रॉक्साइड टाकताच विरघळले. श्रेय अल्कलीचे म्हणावे, तर सोडियमच्या उदासीन क्षारांनीही तेच होई. म्हणजे सोडियम आयन १८ अणूंच्या वलयात, ६ ऑक्सिजनच्या मधोमध बसत होता. अशी वलये म्हणजे क्राउन ईथर; नावातले आकडे वलयातले अणू आणि ऑक्सिजन सांगतात.

पोकळी आयनाच्या मापाची केली की झाले, असे मग वाटू लागले. ते अर्धेच खरे. १८-क्राउन-६ ची पोकळी २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियम आयनाचा व्यास सुमारे २.७, माप जुळते. पण रिकामे वलय उघडे नसतेच. दोन मेथिलीन गट आत वळून पोकळी बुजवतात. आयन बसण्याआधी वलय उलगडायचे, चिकटलेले द्रावक सोडवायचे, आणि या खर्चाने पकड ढिली होते.

जाँ-मारी लेन यांनी १९६९ मध्ये तिसरा पूल जोडून पिंजरा केला. असा त्यांचा पिंजरा, २.२.२-क्रिप्टँड, मिथेनॉलमध्ये पोटॅशियमला १८-क्राउन-६ पेक्षा सुमारे दहा हजार पट घट्ट धरतो. डोनाल्ड क्रॅम यांच्या स्फेरँडमध्ये तर सहा बेन्झीन वलये अशी जखडली, की ऑक्सिजनांना बाहेर वळायला वावच नाही. लिथियम-सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. उलगडण्याचा खर्च संश्लेषणातच चुकता झालेला. १९८७ चे नोबेल या तिघांना मिळाले.

नव्वदच्या दशकात वलय न करता सरळ साखळीच घडी घालेल का, हा प्रश्न पुढे आला. अशा घडी घालणाऱ्या कृत्रिम साखळ्या म्हणजे फोल्डामर. सॅम्युअल गेलमन यांच्या बीटा-पेप्टाइडांत (प्रथिनांसारख्या, पण प्रत्येक घटकात कण्याचा एक कार्बन जास्त असलेल्या साखळ्यांत) प्रत्येक घटकातले सहा अणूंचे वलय पाच अणूंचे केले, तर हायड्रोजन बंधांनी बनणारे सर्पिल १४-अणुकीचे १२-अणुकी होते (आकडा म्हणजे एका हायड्रोजन बंधाने मिटणाऱ्या फेऱ्यातले अणू). क्लोरोफॉर्ममध्ये असे बंध सहज टिकतात. पाणी मात्र त्याच बंधांवर हक्क सांगते. तिथे लवचीक साखळी सुटते, आणि घडी राखायला कण्यातच ताठ वलये बसवावी लागतात.