गप्प बसवलेली स्मृती आणि तिला वाचा फोडणारी चळवळ

माणसाची स्मृती एकट्याच्या डोक्यात टिकत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग अशा समूहांत ती बोलली जाते म्हणून टिकते, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी 1925 मध्ये मांडले. मग बोलण्यावरच बंदी आली तर काय होते, हे तैवानमध्ये पाहायला मिळते.

27 फेब्रुवारी 1947 च्या संध्याकाळी तैपेईत चोरटी सिगारेट विकणाऱ्या एका विधवेचा माल तंबाखूविक्रीची सरकारी मक्तेदारी सांभाळणाऱ्या खात्याच्या माणसांनी जप्त केला, तिच्या डोक्यात पिस्तूल हाणले आणि जमावावर झाडलेल्या गोळीने एक जण मेला. महागाई, बेकारी आणि भ्रष्ट कारभाराने आधीच धुमसणारे बेट दुसऱ्या दिवशी पेटले. मार्चमध्ये चीनमधून उतरलेल्या, कुओमिंतांग या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या सैन्याने केलेल्या कत्तलीत 18,000 ते 28,000 माणसे मारली गेली, असा अंदाज 1992 च्या सरकारी अहवालात आहे.

1949 ते 1987 या लष्करी कायद्याच्या काळात हा विषय वर्ज्य होता. ‘पोरांना कान असावेत, तोंड नसावे’ ही तिथली जुनी म्हण या काळात घराघरांत निराळ्याच धाकाने ऐकवली जाई. देहदंड झालेल्या राजकीय कैद्यांची अखेरची पत्रेसुद्धा सरकारी दप्तरात अडकून पडली. काही कुटुंबांच्या हाती ती अर्ध्या शतकानंतर आली.

फेब्रुवारी 1987 मध्ये, म्हणजे लष्करी कायदा उठण्याआधीच, संपादक चेंग नान-जुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘228 शांतिदिन’ (228 म्हणजे 28 फेब्रुवारी) चळवळ उभारून उघड मोर्चे काढले. माझ्या मते हाल्बवाक्स यांच्या मांडणीला इथे पुरवणी जोडावी लागते: चळवळ तयार स्मृतीवर केवळ स्वार होत नाही, तर घराघरांत विखुरलेल्या दुःखांना एक तारीख, एक नाव आणि रस्त्यावरची जागा देऊन ती सामाईक स्मृती घडवते. 1989 मध्ये चियायी शहरात कत्तलीचे पहिले स्मारक झाले आणि 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई यांनी जाहीर माफी मागितली.

सरकारने स्मृती स्वीकारली म्हणजे वाद मिटतो असे मात्र नाही. तैपेईतल्या स्मारकावर काय कोरायचे, दोष कोणाचा म्हणायचा, यावरून इतकी ओढाताण झाली की उद्घाटनानंतरही ते काही काळ शिलालेखावाचूनच होते. कत्तलीच्या वेळी कुओमिंतांगचे प्रमुख असलेल्या च्यांग काय-शेक यांच्या त्याच शहरातल्या स्मारकभवनातील पुतळ्यासमोरचा मानवंदनेचा पहारा 2024 मध्ये बाहेर हलवण्यात आला. पुतळ्याचे काय करायचे, यावर अजून एकमत झालेले नाही.