सोलापुरात नारळाची बाग: फुंडकर योजनेतून अनुदान कसं घ्यायचं

नारळ किनाऱ्यावरचं झाड असलं तरी आपल्या जिल्ह्यात विहिरीच्या कडेला, बांधावर ते उभं दिसतं आणि पाणी मिळालं की फळतंही. उन्हाळ्यात शहाळ्याला गिऱ्हाईक, पंढरपूर, अक्कलकोट नि सिद्धेश्वराच्या यात्रेत पूजेच्या नारळाला. म्हणून सलग लागवडीचा विचार करणाऱ्यांनी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना जरूर पाहावी. रोजगार हमीच्या फळबागेत जे शेतकरी बसत नाहीत त्यांच्यासाठी ती 2018-19 पासून सुरू आहे, आणि तिच्या पिकांच्या यादीत नारळ आहे.

पात्रता सोपी आहे. सातबारा स्वतःच्या नावावर हवा. संस्थेला लाभ मिळत नाही. कोकण सोडून बाकी महाराष्ट्रात किमान 0.20 हेक्टर, म्हणजे साधारण वीस गुंठे, आणि कमाल 6 हेक्टर. साडेसात मीटरवर लावली तर वीस गुंठ्यांत पस्तीसेक झाडं बसतात. अल्पभूधारक, महिला आणि दिव्यांग शेतकऱ्यांना प्राधान्य आहे.

कागदपत्रांत सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा), आधारशी जोडलेलं बँक खातं, हमीपत्र, आणि अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. खरी गाडी अडते ती सातबाऱ्यावर. जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, कुळाचं नाव असेल तर कुळाचीही संमती. वडील वारले आणि वारसनोंद राहिली असेल तर आधी तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून घ्या. अर्ज भरून मग धावपळ केली की हंगाम निघून जातो.

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर फलोत्पादन घटकाखाली भरायचा. शुल्क 23 रुपये 60 पैसे. स्वतः भरता येतो, नाहीतर गावातल्या सेवा केंद्रातून. निवड झाली की मोबाइलवर संदेश येतो, मग कागदपत्रं चढवायची, आणि छाननीनंतर पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमती हातात येईपर्यंत एकही रोप विकत घेऊ नका. आधी केलेल्या खरेदीला अनुदान मिळत नाही. रोपं शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि पक्की पावती जपून ठेवा. दारावर टेम्पोतून येणारी स्वस्त रोपं कुठल्या झाडाची आहेत हे कळायला सहा-सात वर्षं जातात. बाणवली किंवा टी बाय डी (उंच आणि ठेंगू जातींचा संकर) मागा. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळावर मोठं काम केलं आहे.

अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं थेट खात्यात येतं. खड्डे खोदणं, रोपं, लागवड, पीक संरक्षण, नांग्या भरणं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं) यांचा खर्च मापदंडानुसार त्यात धरतात. जमीन तयार करणं, शेणखत-माती घालून खड्डे भरणं आणि कुंपण आपल्या खिशातून. पहिल्या वर्षी 80 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत दिसली तरच पुढचा हप्ता. कमी पडली तर स्वखर्चाने भरून काढायची.

ही अट आपल्या भागात जड जाते, कारण मे महिन्यात इथलं ऊन चाळीशी ओलांडतं आणि पाऊस कोकणाच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. म्हणून मला कळकळीने सांगायचं आहे: बारमाही पाणी नसेल तर अर्जात नारळ भरू नका. त्याच योजनेत सीताफळ, चिंच, आवळा आहेत, ती झाडं कमी पाण्यावर तग धरतात. पाणी असेल तर एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, निचरा पाहा, पाणी साचणाऱ्या चिबड काळ्या रानात रोप पिवळं पडतं. पहिली दोन वर्षं रोपाच्या पश्चिमेला पाचटाची किंवा तट्ट्याची सावली करा आणि शेंड्यात गेंड्या भुंग्याने पाडलेली भोकं दिसतात का ते दर आठवड्याला बघा. ठिबकसाठी सूक्ष्म सिंचनाचा अर्ज त्याच पोर्टलवर वेगळा भरता येतो. दोन्ही अर्ज एकाच वेळी टाकलेले बरे.

लागवड मे ते नोव्हेंबरमध्ये करायची असते. रोपं लावून झाली की सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) कळवा; ते येऊन मोजणी करतात आणि फोटो घेतात, त्यानंतरच पहिल्या हप्त्याचा प्रस्ताव तालुका कृषी कार्यालयात जातो.