घरकाम करणाऱ्या ताईंचं पेन्शन: श्रमयोगी मानधनाचा अर्ज कसा करायचा

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. गुडघे थकले की काम सुटतं आणि पगारही तिथेच थांबतो. अशा असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना सुरू केली. फेरीवाले, रिक्षाचालक, शेतमजूर, बांधकाम मजूर हेही तिच्यात बसतात. साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात.

वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५,००० रुपयांपर्यंत. पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) किंवा एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) सभासद आणि आयकर भरणारे यात बसत नाहीत.

हप्ता वयावर ठरतो: अठराव्या वर्षी ५५ रुपये, एकोणतिसाव्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००. तेवढेच पैसे सरकारही घालतं. एकोणतिसाव्या वर्षी सुरू केलं तर साठीपर्यंत खिशातून ३७,२०० रुपये जातात. पेन्शनच्या तेराव्या महिन्यातच ते वसूल होतात.

आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि मोबाइल घेऊन जवळच्या सीएससी केंद्रात (सरकारी योजनांचे अर्ज भरून देणारं सेवा केंद्र) जायचं. पहिला हप्ता तिथे रोख भरायचा, पुढचे खात्यातून आपोआप कापले जातात.

घोळ होतो तो नावाचा. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. निघण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. जन्मतारीखही बघा, कारण हप्ता तिच्यावरच ठरतो. आणि खात्यात हप्त्यापुरते पैसे राहू द्या. तुमच्याकडे ताई कामाला येत असतील तर एक सकाळ सुट्टी देऊन सोबत जा. हप्ताही तुम्हीच भरलात तर फारच चांगलं.

दहा वर्षांच्या आत योजना सोडली तर स्वतः भरलेले पैसे बचत खात्याच्या व्याजासह परत मिळतात. पेन्शन सुरू झाल्यावर मृत्यू झाला तर पतीला किंवा पत्नीला निम्मं पेन्शन मिळतं, मुलांना नाही.

महागाई वाढली तरी हे ३,००० वाढत नाहीत, ही मोठी उणीव आहे. चाळिशी उलटलेल्यांना तर दारच बंद, आणि घरकामात कितीतरी बायका त्याच वयाच्या. त्यांनी राज्याच्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करावी. पासष्टीनंतर उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा.