गॅस ॲनालायझर सुरू करण्याआधी सॅम्पल लाइन का तपासतात?

प्लान्ट सुरू होण्याआधी ॲनालायझरच्या, म्हणजे धुरात कोणता वायू किती ते मोजणाऱ्या यंत्राच्या, चेकलिस्टवर सही करायला गेलं की लक्षात येतं, त्यातल्या बऱ्याच ओळी ॲनालायझरबद्दल नसतातच. प्रोबचा (चिमणीत घातलेल्या नळीचा) फिल्टर, हीटेड लाइनचं तापमान, कूलर, कंडेन्सेटचा (थंड होऊन सुटलेल्या पाण्याचा) पंप, प्रवाह दाखवणारा रोटामीटर, वायू बाहेर सोडणारा व्हेंट. सगळं ॲनालायझरच्या आधीचं नाहीतर नंतरचं, म्हणजे नमुना आणणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या सॅम्पल लाइनचं.

असं का, हे कळायला सुरुवात ओर्सा उपकरणापासून करावी लागते. फ्रान्सच्या लुई ओर्सा यांचं हे १८७० च्या दशकातलं उपकरण म्हणजे पेटीत बसवलेल्या काचेच्या नळ्या. धुराड्यातला १०० मिलिलिटर वायू ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या मोजनळीत) ओढायचा आणि कॉस्टिक पोटॅश, पायरोगॅलॉल, क्युप्रस क्लोराइड अशा द्रावणांतून ओळीने फिरवायचा. दर वेळी जेवढं आकारमान घटलं तेवढा अनुक्रमे कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड. पण त्याआधी तोट्या बंद करून ब्युरेटला जोडलेली पाण्याची बाटली खाली धरायची. ब्युरेटमधली पातळी किंचित उतरते आणि थांबते. उतरतच राहिली, तर कुठून तरी हवा शिरतेय.

आज प्रोबचं टोक बंद करून रोटामीटरची गोळी तळाला बसते का बघतात, ती हीच तपासणी. सक्शनच्या बाजूला एक सैल फेरूल (नळीचा सांधा आवळणारी कडी) पुरतो. भट्टीत खरा ऑक्सिजन ३ टक्के, आणि नमुन्यात दहावा हिस्सा बाहेरची हवा मिसळली, की ॲनालायझर ४.८ दाखवतो. ऑपरेटर त्या आकड्यावर भरवसा ठेवून हवा कमी करतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. ॲनालायझरचा त्यात काहीच दोष नसतो.

१९३८ मध्ये जर्मनीत लुफ्ट आणि लेरर यांनी इन्फ्रारेड ॲनालायझरचं पेटंट घेतलं. १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी ऑक्सिजनच्या चुंबकीय गुणावर चालणारा मीटर बनवला. आता मोजणी अखंड चालू शकत होती, पण वायू लांबच्या नळीतून आणावा लागे, आणि वाटेत तो थंड होऊन पाणी सुटे. पाण्याची वाफ इन्फ्रारेड स्वतःच शोषते, आणि थेंब सेलमध्ये (मोजणीच्या कप्प्यात) गेला तर मीटर कामातून जातो. म्हणून कूलर, आणि कूलरखालचं पाणी काढणारा छोटा पंप. दोन्ही पद्धतींत सेलमधला दाब वाढला की आकडाही वाढतो, त्यामुळे चोंदलेला व्हेंट बघणं आलंच.

१९७० मध्ये अमेरिकेत क्लीन एअर ॲक्ट हा हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक झाला आणि पुढे चिमणीतला सल्फर डायऑक्साइड सतत मोजणं सक्तीचं होत गेलं. हा वायू पाण्यात सहज विरघळतो. नळीत थेंब जमले की तो तिथेच राहतो आणि आकडा कमी येतो, तोही कारखान्याच्या सोयीचा! म्हणून कूलरपर्यंतची लाइन दवबिंदूच्या बरीच वर, कधी १८० अंश सेल्सिअसपर्यंत, तापवायची. तिथल्याच मेथड ६सी या सल्फर डायऑक्साइड मोजण्याच्या अधिकृत पद्धतीत कॅलिब्रेशन गॅस (प्रमाण आधीच माहीत असलेला वायू) एकदा थेट ॲनालायझरला आणि एकदा प्रोबपासून सोडतात. दोन आकड्यांतला फरक स्पॅनच्या (मोजणीच्या पूर्ण पट्ट्याच्या) ५ टक्क्यांच्या आत लागतो.

माझ्या मते चेकलिस्टमधली ही सगळ्यात प्रामाणिक ओळ. थेट दिलेला गॅस बरोबर, प्रोबवरून सोडलेला कमी. मग लाइनच्या आवरणावरून हात फिरवत चालत जायचं आणि गार लागेल तिथे थांबायचं.