लेसोथोचा पंतप्रधान कोण ठरवतो: राजा, मतदार की भागाकार?

ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने चारही बाजूंनी वेढलेल्या लेसोथो या देशात निवडणूक झाली आणि उद्योगपती सॅम माटेकाने यांच्या, त्याच वर्षी मार्चमध्ये स्थापन झालेल्या पक्षाने ५६ मतदारसंघ जिंकले. राजे लेत्सी तिसरे यांनी त्यांना पंतप्रधानपदी नेमले. या घडामोडीचे वर्णन काहींनी ‘लाट’ असे केले, तर काहींनी ‘जिथे राजा आहे, तिथे पंतप्रधान राजाच्याच मर्जीतला असणार’ असे गृहीत धरले. प्रत्यक्षात माटेकाने यांच्या पक्षाला सुमारे ३९ टक्केच मते मिळाली होती आणि राजाला निवडीचे स्वातंत्र्य जवळजवळ नव्हते.

दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात आज दोन राज्ये अशी आहेत, जिथे राजा राष्ट्रप्रमुख आहे. त्यांपैकी इस्वातिनीत (पूर्वीच्या स्वाझीलंडमध्ये) पंतप्रधानाची नेमणूक खरोखरच राजाच्या हाती आहे आणि निवडणुकीत राजकीय पक्षांना स्थान नाही. लेसोथोचे तसे नाही. तिथल्या १९९३ च्या राज्यघटनेनुसार संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ज्याच्या पाठीशी बहुमत असेल, त्यालाच राजाने पंतप्रधान नेमायचे असते. म्हणजे खरा प्रश्न बहुमत कसे तयार होते हा आहे आणि त्याचे उत्तर मतांचे जागांत रूपांतर करणाऱ्या सूत्रात दडलेले आहे. या सूत्राने त्या छोट्या डोंगराळ देशात जे घडवले, ते निवडणुकीच्या गणिताचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने पाहण्यासारखे आहे.

आरंभी लेसोथोत आपल्या लोकसभेसारखीच पद्धत होती: मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. १९६५ मध्ये लेआबुआ जोनाथन यांच्या पक्षाने सुमारे ४२ टक्के मतांवर ६० पैकी ३१ जागा मिळवल्या. या पद्धतीचा टोकाचा परिणाम १९९८ मध्ये दिसला. लेसोथो काँग्रेस फॉर डेमोक्रसी, म्हणजे एलसीडी, या पक्षाला सुमारे ६१ टक्के मते आणि ८० पैकी ७९ जागा मिळाल्या. उरलेल्या ३९ टक्के मतदारांच्या वाट्याला एक जागा आली. पराभूत पक्षांनी मतचोरीचा आरोप केला आणि निवडणूक रद्द करावी म्हणून राजवाड्याच्या दारात ठाण मांडले. पुढे सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचे सैन्य आत आले आणि राजधानी मासेरूची बाजारपेठ जळाली. ७९ विरुद्ध १ हा आकडा पाहून कोणालाही संशय येईल, परंतु पक्षाचा पाठिंबा देशभर सारखा पसरलेला असेल, तर ६१ टक्के मतांवर जवळजवळ प्रत्येक मतदारसंघ जिंकणे गणिताने सहज शक्य आहे. विचित्र दिसणाऱ्या आकड्यामागे लगेच कारस्थान शोधण्याची सवय आपल्याकडेही आहे. आधी पाठिंबा कसा विखुरला आहे ते तपासावे, हा शास्त्रीय मार्ग आहे.

या हिंसाचारानंतर २००२ पासून मिश्र प्रमाणबद्ध पद्धत आली. सभागृह १२० जागांचे झाले: ८० मतदारसंघांच्या आणि ४० भरपाईच्या. मतदाराला दोन मते मिळाली, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षमतांच्या टक्केवारीवरून १२० पैकी पक्षाचा एकूण हक्क काढायचा, त्यातून त्याने जिंकलेले मतदारसंघ वजा करायचे आणि उरलेला फरक भरपाईच्या जागांनी पुरवायचा. या पद्धतीचे सारे मर्म त्या वजाबाकीत आहे. एलसीडीला २००२ मध्ये सुमारे ५५ टक्के मते मिळाली, म्हणजे हक्क ६६ जागांचा होता. पण त्याने ७७ मतदारसंघ जिंकले होते, म्हणून भरपाई शून्य. बासोथो नॅशनल पार्टीला मात्र सुमारे २२ टक्के मतांवर भरपाईच्या २१ जागा मिळाल्या आणि विरोधी पक्ष सभागृहात आला.

पुढच्याच निवडणुकीत, २००७ मध्ये, पक्षांनी या वजाबाकीलाच बगल दिली. एलसीडीने पक्षमतांसाठी यादीच दिली नाही आणि समर्थकांना सांगितले की उमेदवाराचे मत आम्हाला द्या, पक्षाचे मत नॅशनल इंडिपेंडंट पार्टीला द्या. थॉमस थाबाने यांच्या ऑल बासोथो कन्व्हेन्शनने, म्हणजे एबीसीने, लेसोथो वर्कर्स पार्टीबरोबर हेच केले. आता आकडे पाहू. एलसीडीने ६१ मतदारसंघ जिंकले. तिच्या जोडीदाराला पक्षमतांपैकी सुमारे ५२ टक्के मते मिळाली. दोघांना एकच पक्ष मानले असते, तर हक्क १२० च्या ५२ टक्के, म्हणजे ६२ जागांचा. त्यातून ६१ वजा केल्यावर भरपाईची एक जागा उरली असती. परंतु कागदावर त्या जोडीदाराकडे एकही मतदारसंघ नव्हता, म्हणून वजा करण्यासारखे काहीच नव्हते. त्याला २१ जागा मिळाल्या, आणि ४० चे ५२ टक्के काढले तर जवळपास २१ च येतात. वर्कर्स पार्टीच्या सुमारे २४ टक्के मतांचा हिशेबही तसाच जुळतो: ४० पैकी १० जागा. म्हणजे जी पद्धत मतदारसंघांतील अन्याय भरून काढण्यासाठी आणली होती, ती भरपाई न करता त्या अन्यायाशेजारी स्वतंत्रपणे जागा वाटू लागली. सत्ताधारी जोडीकडे ५२ टक्के मतांवर ८२ जागा, म्हणजे ६८ टक्के सभागृह गेले. यात एकाही मतपत्रिकेची फेरफार करावी लागली नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी वाटते.

उपाय साधा होता. २०११ च्या कायद्याने दुसरे मतच काढून टाकले. एकच मत दोनदा मोजायचे, उमेदवारासाठी आणि त्याच्या पक्षासाठी. मत फोडता येत नाही, म्हणून जोडीदार उभा करून फायदा होत नाही. २०१२ चे निकाल या दुरुस्तीची साक्ष देतात. पंतप्रधान पकालिथा मोसिसिली यांच्या नव्या पक्षाला सुमारे ४० टक्के मते व ४८ जागा, एबीसीला २५ टक्के व ३०, एलसीडीला २२ टक्के व २६. यातला प्रत्येक आकडा १२० च्या टक्केवारीशी जुळतो. एबीसी, एलसीडी आणि ५ जागांची बासोथो नॅशनल पार्टी मिळून ६१, म्हणजे १२० मध्ये बहुमत, झाले, मोसिसिली यांनी पद सोडले आणि थाबाने पंतप्रधान झाले.

एक फट मात्र राहिली. मतदारसंघ हक्कापेक्षा जास्त जिंकले, तर जास्तीच्या जागा परत घेतल्या जात नाहीत. माटेकाने यांच्या ३९ टक्के मतांचा हक्क सुमारे ४७ जागांचा होता, हाती ५६ आल्या, आणि त्या ९ जागा इतरांच्या भरपाईतून कमी झाल्या. तरीही ६१ चा पल्ला दूरच राहिला. ५ आणि ४ जागांच्या दोन लहान पक्षांना बरोबर घेऊन ६५ चा आकडा गाठावा लागला, आणि मग राजाने नेमणूक केली.