खांदा दुखतोय, मग पोटाचे व्यायाम कशाला?

रोटेटर कफच्या (खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या) टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाची, दुखापत घेऊन आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी येणारे बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न विचारतात. शंका रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवत आहोत.

आधी एक करून पाहा. पोक काढून बसा आणि दुखरा नसलेला हात सावकाश वर न्या. मग पाठ ताठ करून तोच हात पुन्हा न्या. दुसऱ्या वेळी तो जास्त वर जातो. हात कानापर्यंत नेताना साधारण १८० अंशांपैकी ६० अंश खांद्याचे पाते फिरल्यामुळे मिळतात. हे पाते बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने सरकते. खालचे धडच ढिले असेल तर ते नीट फिरत नाही आणि आधीच दुखावलेल्या टेंडनला जास्त राबावे लागते. निरोगी माणूस हात झटकन उचलतो तेव्हा पोटाचा खोलवरचा स्नायू हाताच्या स्नायूंच्या क्षणभर आधी आवळला जातो. शरीर आधी पाया धरते.

पण म्हणून घरी जाऊन लगेच प्लँक (कोपरे आणि पायाची बोटे टेकवून शरीर सरळ धरणे) करू नका! आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ याच एका चुकीत जातो. 'पोटाचा व्यायाम' म्हटले की लोक मोबाइलवर व्हिडिओ लावून मिनिटभर प्लँक धरतात. त्यात वरच्या धडाचा भार कोपर आणि खांद्यांवर येतो. एका कुशीवरच्या प्लँकमध्ये तर बराचसा एकाच खांद्यावर. पोट थकते, कंबर खाली झुकते, खांदे कानांकडे चढतात, आणि चार दिवसांनी रात्रीची झोप उडाल्याची तक्रार घेऊन माणूस परत येतो. मग नवे काही शिकवण्याऐवजी आधी दुखणे शांत करत बसावे लागते. टेंडनचे ऑपरेशन झाले असेल, तर सर्जनने परवानगी देईपर्यंत त्या हातावर भार घ्यायचाच नाही.

आमची सुरुवात फार साधी वाटते, हे मान्य आहे. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, श्वास सोडत पोट हलके आवळायचे आणि एकेक टाच पुढे सरकवायची. हात झोळीत असला तरी चालतो. पुढे ब्रिज (त्याच स्थितीत कंबर वर उचलणे), त्यानंतर भिंतीला हात टेकून उभ्याने, आणि जमिनीवर हात टेकणे सर्वांत शेवटी. श्वास रोखून धरावा लागत असेल, तर तो व्यायाम तुमच्यासाठी अजून जड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर आवर्तने कमी करा आणि आम्हाला कळवा.

पोटाच्या व्यायामाने टेंडन सांधत नाही. त्यासाठी दिलेले खांद्याचे रबर बँडचे व्यायाम सुरूच ठेवायचे आहेत.

पडल्यानंतर हात अचानक उचलताच येईनासा झाला, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

घरी व्यायाम करतानाचा छोटा व्हिडिओ बाजूने काढून आणा. प्रत्येक भेटीत आम्ही तो तुमच्यासोबत बसून पाहतो, चूक तिथेच दुरुस्त करतो. हात डोक्यावर नेऊन काम करणाऱ्यांसाठी आणि खेळाडूंसाठी पुढचा टप्पा वेगळा आखतो. भेट ठरवताना तुमचे काम किंवा खेळ नक्की सांगा.